समुद्रात राहिलेल्यांचा मुंबईतला पत्ता

मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकात पूर्वेकडे उतरलं की मालाचे ट्रक, हातगाड्या आणि गोदामांच्या रांगा सुरू होतात. त्यांच्या पलीकडे मुंबई बंदराची गोदी. याच गजबजाटात ‘इंडियन सेलर्स होम’ आहे. बोट बंदरात लागल्यावर पाठ टेकायला आणि पुढची बोट मिळेपर्यंत राहायला खलाशांना हक्काची जागा असावी, म्हणून उभं राहिलेलं हे घर. आपण महायुद्धाच्या स्मारकापाशी आलो आहोत, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतही नाही. इथे तोफ नाही, अश्वारूढ पुतळा नाही, एकही कबर नाही. आहेत ती फक्त नावं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत या जागेची नोंद ‘बॉम्बे 1914-1918 मेमोरियल’ अशी आहे. रॉयल इंडियन मरीन आणि व्यापारी बोटींवरच्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचं हे स्मारक. पहिल्या महायुद्धात ते समुद्रात गेले आणि समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाही, म्हणून त्यांची नोंद इथे झाली. दुसऱ्या महायुद्धात अशा मृत्यूंची संख्या साडेसहा हजारांच्या घरात गेली. त्यात रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेहून अधिक, बाकी सगळे व्यापारी बोटींवरचे. त्यांची नावं भिंतीवर नाहीत, सन्मान-नोंदवहीत आहेत. असंच जोडस्मारक बांगलादेशातल्या चितगावला आहे, कारण सिल्हेट, नोआखाली, चितगाव या भागांतली हजारो माणसं बोटींवर होती.

ज्याचं शव सापडलं नाही त्याचं स्मारक कसं करायचं, हा प्रश्न पहिल्या महायुद्धाने प्रचंड प्रमाणावर उभा केला. फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने 1917मध्ये इम्पीरियल (आजचं कॉमनवेल्थ) वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं आणि त्याने एक सूत्र ठरवलं: प्रत्येक मृताची नावानिशी नोंद, आणि हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्वांना सारखा मान. कबर असेल तर तिच्यावर नाव, नसेल तर स्मारकाच्या भिंतीवर. कबरीत अनोळखी सैनिक असेल तर दगडावर कोणते शब्द कोरायचे, हे रुडयार्ड किपलिंग यांनी सुचवलं. त्यांचा स्वतःचा मुलगा जॉन 1915मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत बेपत्ता झाला आणि वडिलांच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही. किपलिंग जन्मले ते मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात. तिथून मशीदचं हे स्मारक चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

इथली नावं कुणाची, हे समजायला तेव्हाच्या बोटीवरची कामाची वाटणी पाहावी लागते. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल आणि खलाशी. स्वयंपाकघरात भंडारी. खाली बॉयलरपाशी आगवाले आणि कोळसा वाहून आणणारे कामगार. मुंबईहून भरती होणाऱ्यांत रत्नागिरीकडचे खलाशी मोठ्या संख्येने असत. प्रवाशांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था बहुधा गोवेकरांकडे असे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या मनुष्यबळाचा जवळपास चौथा हिस्सा भारतीय होता. गोऱ्या खलाशाच्या तुलनेत त्यांचा पगार फारच तुटपुंजा होता. शिवाय पाणबुडीचा टॉर्पेडो बोटीच्या पोटात शिरला, की बॉयलरपाशी असलेल्या माणसाला वर येण्याची सवड क्वचितच मिळे.

‘पर्शिया’चं उदाहरण घ्या. लंडनहून मुंबईकडे निघालेली पी अँड ओ कंपनीची ही बोट 30 डिसेंबर 1915 रोजी क्रीटच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडीने बुडवली. अवघ्या काही मिनिटांत ती पाण्याखाली गेली आणि तीनशेहून अधिक माणसं दगावली. दुसऱ्या महायुद्धात नोव्हेंबर 1942मध्ये मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’ वाटेत जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोंना बळी पडली. बोटीवरच्या 958 जणांपैकी 280 जण गेले. वाचलेल्यांना ब्रिटिश युद्धनौकेने मुंबईत आणून उतरवलं. जे परतले नाहीत त्यांच्या घरच्यांच्या हाती अस्थी आल्या नाहीत की मूठभर माती.

अशा वेळी घराला आपला मार्ग शोधावा लागतो. हिंदूंमध्ये पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचं दहन करण्याचा पालाशविधी आहे. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे असल्याने शव समोर नसतानाही गायबाना जनाज्याची नमाज त्यांना मान्य आहे. ख्रिस्ती घरात मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा होते. कायद्याचं पाऊल सावकाश पडतं. पुराव्याच्या कायद्यानुसार सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, त्याला मृत मानता येतं. घराने जे पानांनी किंवा प्रार्थनेने केलं, तेच राज्यसंस्थेला नावाने करायचं होतं. म्हणून अशा स्मारकात नाव हेच सर्वस्व असतं. ते चुकलं किंवा गाळलं गेलं तर मागे काहीच उरत नाही.

आणि नावं गाळली गेलीच. इराकमधल्या बसरा स्मारकावर पहिल्या महायुद्धात तिथे लढलेल्या चाळीस हजारांहून अधिक बेपत्तांची नोंद आहे. त्याच आघाडीवर कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. पण बसऱ्याच्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि शिपायांच्या वाट्याला पलटणीगणिक नुसता आकडा आला. कमिशनने समानतेचं आपलंच सूत्र तिथे मोडलं, आणि 2021च्या अहवालात त्याबद्दल जाहीर माफी मागितली. या पार्श्वभूमीवर मशीदच्या स्मारकाने साध्या आगवाल्याची आणि खलाशाचीही नावानिशी दखल घेतली, हे त्याचं मोठेपण.

महाराष्ट्रात या विषयाची आणखी दोन ठिकाणं आहेत. पुण्याच्या खडकी युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी आहेत. शिवाय कबरी असूनही जिथे त्यांची निगा राखणं शक्य नव्हतं, अशा पहिल्या महायुद्धातल्या 1,800हून अधिक सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर घेतली आहेत. त्यांपैकी 629 जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडी स्मशानभूमीतून 1962मध्ये तिकडे हलवले गेले. दुसरं ठिकाण रायगड जिल्ह्यातलं माणगाव. तिथे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत त्यांनी शत्रूचं मशीनगनचं ठाणं एकट्याने मोडून काढलं आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. त्यांचीही कबर ज्ञात नाही. त्यांचं नाव कॅसिनो स्मारकावर आहे, आणि 2023मध्ये मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

घाडग्यांचं नाव गावाने जपलं, कारण पदकामुळे ते गावापर्यंत पोचलं. मशीदच्या यादीतल्या सारंग-टंडेलांच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. पण ती नावं आज घरबसल्या शोधता येतात. कमिशनच्या संकेतस्थळावर स्मारकाचं नाव टाकलं की यादी उघडते. काही नोंदींपुढे बापाचं नाव आणि गावही आहे. इंग्रज कारकुनांनी कानावर पडेल तसं लिहिल्यामुळे एकाच नावाची दोन-चार स्पेलिंगं करून पाहावी लागतात, एवढंच. प्रत्यक्ष जायचं असेल तर हे राहतं वसतिगृह आहे हे ध्यानात ठेवून आधी कार्यालयात विचारावं.

5 एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी त्या निमित्ताने एकच काम हाती घ्यावं: या यादीतून आपल्या गावची नावं शोधावीत, देवनागरीत नीट लिहून काढावीत आणि चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीवर लावावीत. त्याला फार पैसा लागत नाही, चार शनिवार पुरतील.