शंभर सीसीच्या चार जपानी गाड्या

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. पालक शाळेत येतात, मुलगा मागे मान खाली घालून उभा असतो, आणि पालक म्हणतात, "सर, हा बक्षीस म्हणून आरएक्स हंड्रेड मागतोय. जुनी मिळते म्हणे. तुम्ही लोकांनी ती चालवलीय, आता तुम्हीच याला सांगा." जी गाडी 1996 मध्ये बनायची बंद झाली, ती तिच्यानंतर बारा-तेरा वर्षांनी जन्मलेल्या मुलाला हवी असते. तिचा आवाज त्याने मोबाईलवर ऐकलेला असतो.

आम्ही म्हणजे या शाळेचे चार माजी विद्यार्थी. दोघे बेळगावचे, एक निपाणीचे, एक संकेश्वरचे. संकेश्वरचे पुढे इथेच शिक्षक झाले, म्हणून प्रश्न शाळेच्या दारातच येतो. योगायोग असा की चौघांकडे चार वेगवेगळ्या जपानी गाड्या होत्या. आमच्याकडे मोटारसायकलला नुसते 'गाडी' म्हणतात, वाचकांनी इथेही तसेच समजावे.

आधी या गाड्या आल्या कशा ते सांगतो. 1982 मध्ये सरकारने दुचाकी बनवणाऱ्या देशी कंपन्यांना परदेशी कंपन्यांशी करार करायला परवानगी दिली, पण इंजिन शंभर सीसीपर्यंतच हवे अशी अट घातली. म्हणून चारही गाड्या शंभराच्या आतबाहेर घुटमळणाऱ्या. 1984 मध्ये होसूरहून इंड-सुझुकीची एएक्स 100 आली. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एस्कॉर्ट्सने बनवलेली यामाहा आरएक्स 100 आली. पाठोपाठ पुण्याच्या बजाजने कावासाकीची केबी 100 आणली. सुरुवातीच्या आरएक्समध्ये पुष्कळसे सुटे भाग थेट जपानहून आलेले होते. त्यामुळे 'ओरिजनल जपान' हे दोन शब्द आमच्या गॅरेजवाल्यांच्या तोंडी असे काही बसले की अजून सुटलेले नाहीत. जपानचा सिलिंडर, जपानचा क्रँक असे म्हटले की भाव वाढलाच.

या कंपन्यांची एक गंमत विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. सुझुकीची सुरुवात 1909 मध्ये हातमाग बनवण्यापासून झाली. यामाहाचे मूळ ऑर्गन-पेटीच्या धंद्यात, 1887 सालचे. तिच्या चिन्हात अजूनही तीन स्वरकाटे आहेत. होंडा 1948 ची. या तिघींची पाळेमुळे जपानमधल्या हमामात्सु या एकाच गावाच्या परिसरात आहेत. आमच्यापैकी ज्यांच्याकडे केबी होती ते शहापूरच्या विणकराच्या घरातले. सुझुकी मूळची मागवाल्यांची कंपनी हे त्यांना फार उशिरा कळले, नाहीतर आपण एएक्सच घेतली असती असे ते अजून म्हणतात.

आता तुलना. चारपैकी तीन गाड्या टू-स्ट्रोक होत्या, एकटी सीडी फोर-स्ट्रोक, आणि सगळा फरक इथेच आहे. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आत घेणे, दाबणे, पेटणे आणि धूर बाहेर टाकणे यासाठी पिस्टनच्या चार चाली लागतात, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा जोर मिळतो. टू-स्ट्रोकमध्ये हेच काम दोन चालींत उरकते, म्हणून दर फेरीला जोर. इंजिनाचा आकार तोच, पण धक्के दुप्पट. आरएक्सची ताकद अकरा अश्वशक्ती होती, सीडीची सात-साडेसात. वजन मात्र आरएक्सचेही शंभर किलोच्याच आसपास. त्यामुळे मूठ पिळली की ती पुढे उडी घ्यायची.

पण उरकून केलेल्या कामात सांडलवंड होतेच. टू-स्ट्रोकमध्ये ताजे पेट्रोल आत येते तेव्हा धूर बाहेर जाण्याची वाट उघडीच असते. थोडे पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जाते. शिवाय ऑईलही पेट्रोलबरोबर जळते, तोच तो निळा धूर आणि तोच वास. निपाणी-बेळगाव जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. आमच्या हिशोबाने सीडी लिटरला सत्तर द्यायची, म्हणजे दोन लिटरांवर थोडे. एएक्स आणि केबी पन्नासच्या आसपास, म्हणजे तीन लिटर. आरएक्स चाळीस, म्हणजे चारला जरा कमी, आणि ऑईल वेगळे. तंबाखूच्या हंगामात आठवड्यातून दोन-तीन खेपा करणाऱ्या आमच्या निपाणीकरांना हा हिशोब तोंडपाठ होता. 1990 मध्ये आखाती संकटात पेट्रोल महागले तेव्हा आरएक्सवाले मित्र सीडीवाल्याच्या मागे बसून जाऊ लागले, हेही आम्ही पाहिले आहे.

खरी परीक्षा घाटात. तेव्हा आजचा चौपदरी रस्ता नव्हता. बेळगाव सोडले की काकती, मग वंटमुरीचा घाट, पुढे हत्तरगी, संकेश्वर आणि निपाणीच्या तोंडाशी तवंदीचा घाट. समोरून ट्रक, मध्ये उसाच्या बैलगाड्या. वंटमुरीच्या चढावर ट्रकच्या मागे अडकले की आरएक्सवाला एक गिअर खाली घेऊन भुर्रकन निघून जायचा. एएक्स हलकी आणि गोड, पण मागे माणूस बसला की चढावर श्वास लागायचा. केबी या दोघींच्या मधली. तिच्याविषयी आमच्यात अजून एकमत नाही, मालकांना ती चारांत उत्तम वाटते आणि बाकी तिघांना नाही. सीडी मात्र तिसऱ्यात, कधी दुसऱ्यात, ट्रकच्या धुरात निमूटपणे चढायची. मागे पत्नी, टाकीवर मुलगी आणि हँडलला भाजीची पिशवी, तरी ती थांबल्याचे आठवत नाही.

उतरताना मात्र उलटे. फोर-स्ट्रोक गाडीची मूठ सोडली की इंजिनच चाकाला धरून ठेवते. टू-स्ट्रोकमध्ये ही पकड फार कमी, गाडी मोकळी सुटल्यासारखी धावते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तर चारही गाड्यांना साधे ड्रमचेच होते. तवंदीच्या उतारावर पहिल्या पावसात आमच्यातले आरएक्सवाले घसरले ते असेच. चूक पूर्णपणे त्यांचीच, वेग जास्त होता. डाव्या कोपराला अजून सळई आहे. गाडीला फक्त इंडिकेटर गेला. आरएक्सची तारीफ करणाऱ्या मुलांना आम्ही आधी ते कोपर दाखवतो.

एक पाचवी गाडीही सांगायला हवी, कारण मुले तिच्याविषयी विचारतातच. राजदूत 350, म्हणजे यामाहाची आरडी 350. 1983 मध्ये आली, दोन सिलिंडर, सहा गिअर, तीस अश्वशक्तीची. जपानात तिला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम बसवला गेला. आमच्यापैकी कोणाकडे नव्हती. कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडे होती, ती रस्त्यावरून गेली की आम्ही सायकली थांबवून बघत असू. लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर देणारी गाडी घरात कोण घेऊ देणार?

धुराचे नियम 1991 मध्ये आले, एप्रिल 1996 मध्ये कडक झाले आणि 2000 मध्ये आणखी. शंभर सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या त्यात टिकल्या नाहीत. फोर-स्ट्रोकचा काळ आला तो सीडीच्या वाटेनेच.

आता मुलाच्या मागणीकडे वळू. पहिली गोष्ट, दहावीच्या मुलाला गिअरची गाडी चालवायची परवानगीच नाही, अठरा पूर्ण हवीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. तेव्हा विषय तीन वर्षे पुढे गेलाच.

तीन वर्षांनी घ्यायचीच ठरली तर रंगाकडे बघू नका, कागद बघा. चांगल्या आरएक्सला आज लाखाच्या वर मागतात, म्हणून चोरीच्या आणि जोडून बनवलेल्या गाड्या पुष्कळ फिरतात. चासीवरचा आणि इंजिनवरचा नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवावा. आपल्या भागात आणखी एक भानगड आहे. कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर, म्हणून एमएच 09 ची गाडी सहज मिळते. पण दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर तिची नोंदणी बदलावी लागते. बेळगावकरांनी केए 22, निपाणीकरांनी चिक्कोडीची केए 23. त्यासाठी मूळ कार्यालयाची एनओसी लागते आणि इथला कर भरावा लागतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आहे ते वेगळेच. आमच्या निपाणीकरांनी हौसेने अशी एक आरएक्स घेतली. विकणाऱ्याने एनओसी 'पुढच्या आठवड्यात' देतो म्हटले. पुढे कळले की आरसीवरचा मालक वारलेला आहे आणि वारसांची सही कोणीच घेतलेली नाही. ती गाडी सहा वर्षे गोठ्यात, गोणपाटाखाली उभी आहे.

यंदा आलेल्या मुलाला हे सगळे सांगितले. तो ऐकून घेत होता, पण डोळे शिक्षकांच्या जुन्या सीडीवर होते. ती अजून रोज शेताला जाते. शेवटी त्याने विचारले, "सर, ही उघडून बघता येईल काय ओ?" मागच्या रविवारी त्याने प्लग काढून घासला आणि परत बसवला. येत्या रविवारी कार्बोरेटर उघडायचा आहे. रॉकेल आणि जुना ब्रश त्यानेच आणायचा, असे ठरले आहे.