लघवी गळते, पण पिशवी रिकामी होत नाही: लघवीच्या अडचणीत युरोलॉजिस्टकडे कधी जावे?

काही महिन्यांपूर्वी एक ताई आपल्या ६८ वर्षांच्या सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, बाबांचा लघवीवर ताबा राहिला नाही. रात्री अंथरूण ओलं होतं. डायपर लावतोच आहोत, पण काही गोळी असेल तर द्या." आजोबा मान खाली घालून बसले होते. कपडे ओले होऊ नयेत म्हणून त्यांनी दुपारनंतर पाणी पिणेच सोडले होते.

तपासताना त्यांचे ओटीपोट जवळजवळ बेंबीपर्यंत फुगलेले लागले. नुकतीच लघवी करून आल्यावर सोनोग्राफी केली, तरी पिशवीत एक लिटरपेक्षा जास्त लघवी शिल्लक होती. दोन्ही किडन्यांना सूज होती आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले होते. म्हणजे ताबा सुटला नव्हता, पिशवी रिकामीच होत नव्हती. काठोकाठ भरलेल्या माठातून पाणी सांडावे, तशी लघवी गळत होती.

"धार दोन-तीन वर्षं बारीकच होती, पण वयाप्रमाणे व्हायचंच," असे आजोबा म्हणाले. पुढे नळी घातली, उपचार झाले. क्रिएटिनिन बरेच खाली आले, पण पूर्ण पूर्ववत झाले नाही. हे नुकसान टाळता आले असते.

नेमके काय बिघडते?

मोठ्या माणसाच्या लघवीच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. पुरुषांमध्ये पिशवीच्या तोंडाशी, मूत्रनलिकेभोवती प्रोस्टेट ग्रंथी असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. वयानुसार ती वाढते आणि नलिकेवर दाब येतो. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे.

अडथळा आला की पिशवीला जास्त जोर लावावा लागतो. सुरुवातीला तिचे स्नायू जाड होतात आणि नंतर थकतात. मग दर वेळी थोडी लघवी मागे राहू लागते. हे सावकाश घडत असल्याने अनेकदा दुखतही नाही. म्हणून "दुखत नाही, म्हणजे काळजी नाही" असे समजू नका.

प्रोस्टेटशिवाय इतर कारणे

- बरीच वर्षे असलेला मधुमेह: पिशवीच्या नसा कमजोर होतात आणि ती भरल्याचे कळतच नाही.
- मूत्रनलिका आकसणे: मार लागल्यावर, जंतुसंसर्गानंतर किंवा पूर्वी नळी घातलेली असल्यास तरुणांतही होते.
- मुतखडा, लघवीचा जंतुसंसर्ग, जुनाट बद्धकोष्ठता.
- स्त्रियांमध्ये अंग बाहेर येणे. संकोचामुळे अनेकजणी हे वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत.
- औषधे: सर्दीच्या अनेक गोळ्यांमुळे प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अचानक अडकू शकते. मेडिकलमधून परस्पर सर्दीची गोळी घेऊ नका.

आधी कोणाकडे जावे?

धार बारीक होणे, सुरू व्हायला वेळ लागणे, जोर करावा लागणे, मध्येच थांबणे, करून आल्यावरही राहिल्यासारखे वाटणे, रात्री दोन-तीनदा उठावे लागणे, यांपैकी काहीही होत असेल तर आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. लघवीची तपासणी, साखर, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी यांतून बरेच कळते. सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर पिशवीत किती उरली, हे मोजायला आवर्जून सांगा. प्रोस्टेट किती ग्रॅमची आहे यापेक्षा हा आकडा अनेकदा जास्त महत्त्वाचा ठरतो. पीएसए ही रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

जाण्यापूर्वी तीन दिवस एका वहीत लिहा: किती वाजता लघवी झाली, अंदाजे किती, आणि पाणी-चहा किती घेतला.

युरोलॉजिस्टकडे कधी?

युरोलॉजिस्ट म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञ. पुढील परिस्थितीत त्यांना दाखवायला उशीर करू नका:

- लघवीतून रक्त गेले, अगदी एकदाच आणि न दुखता गेले तरी. तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर विशेषतः.
- पिशवीत लघवी साठून राहते, किंवा नकळत गळते.
- क्रिएटिनिन वाढले आहे किंवा किडनीला सूज आहे.
- लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो, किंवा पिशवीत खडा आहे.
- पीएसए वाढलेले आहे.
- गोळ्या घेऊनही त्रास कमी होत नाही.

ताबडतोब रुग्णालयात जा

- लघवीची जोरात भावना आहे, ओटीपोट फुगून दुखते आहे, पण थेंबही येत नाही. अशा वेळी "पाणी पाजा, म्हणजे होईल" हा उपाय करू नका, पिशवी आणखी ताणली जाते. नळी घालून लघवी काढणे हाच तातडीचा उपचार आहे.
- लघवीच्या त्रासासोबत थंडी वाजून ताप आला आहे.
- लघवी अडकली आहे आणि सोबत पायांतील ताकद गेली आहे किंवा जांघेची, बसण्याची जागा बधिर झाली आहे. हा मणक्यातील नसांवरच्या दाबाचा इशारा असू शकतो.

उपचारांबद्दल थोडेसे

प्रोस्टेट वाढलेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी काही दिवसांतच धार सुधारू शकते. त्यांनी उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला क्षणभर बसा. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल, तर ही गोळी घेता किंवा पूर्वी घेत होतात हे डोळ्यांच्या डॉक्टरांना नक्की सांगा. प्रोस्टेटचा आकार कमी करणाऱ्या गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला सहा महिनेही लागतात, मध्येच सोडू नका. ऑपरेशन लागलेच, तर ते बहुतेकदा पोटावर चिरा न देता लघवीच्या मार्गातूनच होते.

पाणी बंद करू नका. दिवसा पुरेसे प्या, झोपण्याआधी दोन तास कमी करा. संध्याकाळचा चहा टाळा आणि पोट साफ ठेवा. लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा.

घरच्यांसाठी

वडीलधारी माणसे हा त्रास आपणहून सांगत नाहीत. बाबा बाथरूममध्ये फार वेळ थांबतात, प्रवास टाळतात, लग्नकार्याला यायला नको म्हणतात, पाणी कमी पितात, हे तुमच्याच लक्षात येईल. त्यांना चारचौघांत विचारू नका, बाजूला घेऊन विचारा. आणि डायपर आणण्याआधी एक सोनोग्राफी करून घ्या.