लॅक्स्टन : सामायिक शेतांचे गाव

इंग्लंडातले खेडे म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते. झुडपांची हिरवी कुंपणे, प्रत्येक कुंपणाच्या आत एकेकाचे शेत आणि त्या शेतातच मालकाचे टुमदार घर. हे चित्र खोटे नाही; पण आपण समजतो तितके ते जुनेही नाही. तीनशे वर्षांपूर्वी मध्य इंग्लंडातल्या पुष्कळशा गावांत अशी कुंपणे नव्हतीच. गावाभोवती दोन-तीन अफाट मोकळी शेते असत आणि त्यांत साऱ्या गावाच्या पट्ट्या असत. ही जुनी पद्धत आता जवळजवळ नाहीशी झाली आहे. ती जिथे आजही चालू आहे, अशा एका गावाची ओळख आपण करून घेऊ. त्याचे नाव लॅक्स्टन.

रॉबिन हूडच्या गोष्टींतले शेरवुडचे जंगल आपल्याला ऐकून माहीत असते. त्या जंगलाच्या पूर्वेला, नॉटिंगहॅमशर परगण्यात हे गाव आहे. वस्ती काही शेकड्यांची. १०८६ साली विजेत्या विल्यम राजाने देशाची जी मोठी नोंदणी करविली, तिच्यात लॅक्स्टनचे नाव सापडते. नॉर्मन सरदारांच्या गढीचे मातीचे उंचवटे गावाच्या उत्तरेला अजून दिसतात. सेंट मायकेलचे जुने दगडी देऊळ आहे. पण खरी नवलाई आहे ती घरांच्या रांगेत. शेतकऱ्यांचे वाडे, गोठे, धान्याची कोठारे, सारे गावातल्या रस्त्याला लागून. शेतात घर नाही. आपल्याकडे शेतकरी गावठाणात राहतो आणि सकाळी शेतावर जातो, अगदी तसेच.

आता ही शेती चालते कशी ते पाहू. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शेते. मिळून सुमारे ४८० एकर. एका शेतात हिवाळ्याच्या तोंडाशी गहू पेरायचा, दुसऱ्यात वसंतात जव किंवा त्यासारखे पीक घ्यायचे आणि तिसरे पड ठेवायचे. पुढच्या वर्षी हे चक्र एक घर पुढे सरकते. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या. त्यामुळे कोणत्याही वर्षी कोणाचे सगळेच रान पड राहत नाही, आणि गव्हाला मुकावे लागत नाही. चांगली जमीन एकाला आणि चिकण, पाणथळ जमीन दुसऱ्याला, असेही होत नाही.

पट्टी लांबट का, तर जड मातीत बैलांची मोठी जोडणी वारंवार वळविणे कठीण. म्हणून एकदा धरलेला तास होईल तितका लांब न्यायचा. फर्लांग हा शब्द आपल्याकडेही रुळला आहे ना? त्याचा मूळ अर्थ ‘तासाची लांबी’ असाच आहे. एक फर्लांग लांब आणि बावीस यार्ड रुंद एवढी जमीन म्हणजे एक एकर. एका दिवसाची नांगरट ती हीच, असा जुना अंदाज.

मग ही पद्धत इतर ठिकाणी मोडली का? एकाने वेगळे पीक घ्यायचे म्हटले, तर साऱ्या गावाचे चक्र अडते. सुधारणावाद्यांना हे खटकू लागले. जमीनदारांना एकत्र केलेल्या जमिनीचा खंड जास्त येतो हेही कळले. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने कुंपणबंदीचे पाच हजारांवर कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांखाली आली. उत्पन्न वाढले हे खरे. पण ज्या गरिबाची एखादी गाय सामायिक कुरणावर चरत होती, त्याचे कुरण गेले. अनेकांना मजुरी किंवा शहर याशिवाय वाट उरली नाही.

लॅक्स्टनलाही थोडीफार कुंपणे पडली. तिथल्या शेतकऱ्यांजवळ मोकळ्या शेतांखेरीज स्वतंत्र कुंपणातली रानेही आहेत. पण तीन शेते वाचली. गावात जमीन दोन मोठ्या सरदारांची, आणि त्यांचे एकमेकांशी जमेना, हे त्याचे एक मोठे कारण. म्हणजे जुन्यावरील प्रेमाने नव्हे, तर मोठ्यांच्या बेबनावाने हे गाव वाचले! १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने या गावाचा नकाशा काढला. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्टीन् पट्टी दाखविली आहे, आणि नांगरणारी, कापणी करणारी माणसेही चितारली आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र लहान पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या गेल्या. नाही तर यंत्रांच्या काळात त्या टिकल्या नसत्या.

आता मुख्य गोष्ट. शेजाऱ्याशेजाऱ्यांत बांधाचे कुंपण नाही, मग भांडणे होत नाहीत? होतात तर! नांगराचा एखादा तास शेजाऱ्याच्या हद्दीत सरकविण्याचा मोह काय फक्त आपल्याकडेच होतो? बांध कोरणारा माणूस सगळीकडे सारखाच. लॅक्स्टनने त्यावर उपाय ठेवला आहे तो गावच्या न्यायसभेचा. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले डझनभर पंच गव्हाच्या शेताची पाहणी करतात. हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात. कोणी जास्त नांगरले का, कोणी चर साफ केला नाही का, हे बघून दंड ठरवितात. आठवडाभराने डव्हकोट नावाच्या पथिकगृहात सभा भरते. नावे पुकारली जातात, दंड मंजूर होतात आणि पुढच्या वर्षीचे पंच नेमले जातात. दंड किरकोळ असतो. पण शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाते, ही शिक्षा लहान नाही!

हा नुसता देखावा नाही, बरे का. १९७७ साली पार्लमेंटने जुन्या जहागिरी न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनची सभा नाव घेऊन वगळली. तिच्या निर्णयाला आजही कायद्याचा आधार आहे.

शेतांच्या कडेचे आणि मधल्या सखल भागांतले गवताचे पट्टेही जपलेले आहेत. त्यांना तिथे ‘साइक’ म्हणतात. ती नांगरायची नाहीत, फक्त गवत कापायचे. इतरत्र दुर्मिळ झालेली रानफुले तिथे टिकली, म्हणून सरकारने त्यांना खास संरक्षण दिले आहे. गवताळ जमीन नांगरली नाही याचा हा न ठरविलेला लाभ.

मालकी मात्र बदलत आली. १९५२ साली अर्ल मॅनव्हर्स यांच्या घराण्याकडून गाव शेतकी खात्याने विकत घेतले, ते ही पद्धत टिकावी या हेतूने. १९८१ साली ते राजसत्तेच्या मिळकतींच्या मंडळाकडे गेले, आणि २०२० साली त्या मंडळाने ते थोर्सबी इस्टेटला, म्हणजे जुन्या घराण्याच्याच वारसांकडे, विकले. शेतकरी बहुतेक कुळे आहेत, आणि त्यांची संख्या शंभर वर्षांपूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहे. खरी काळजी इथे आहे. नकाशा जपता येतो, गढी जपता येते. पण पंच म्हणून चिखल तुडवीत जाणारी, शेजाऱ्याने केलेला दंड मुकाट्याने भरणारी कुटुंबे गावात नसतील, तर ही शेते नुसते प्रदर्शन होऊन राहतील.

आपल्याकडे मुंबई प्रांताने १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा केला. आपले तुकडे भावाभावांच्या वाटणीतून होतात. तिथल्या पट्ट्या गावाच्या एकत्र शिस्तीतून आल्या. त्यामुळे तो नमुना उचलून आपल्या गावात बसवावा असे कोणी म्हणणार नाही. पण लॅक्स्टन एक गोष्ट दाखविते. हद्द पाहणारी माणसे त्याच शिवारात नांगर धरणारी असली, आणि त्यांच्या शब्दाला कायद्याचे पाठबळ मिळाले, तर कुंपणावाचूनही शेजाऱ्याची हद्द शतकानुशतके राखता येते.