सोसेल ते साधन (लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात संततिनियमनाच्या साधनांची जंत्री दिली. ती वाचल्यावर, यांतले शरीराला मुळीच न बाधणारे साधन कोणते, हा प्रश्न समंजस वाचकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. आणि नागपुरातील धंतोलीच्या ज्या गल्ल्यांत डॉक्टरांच्या पाट्या व औषधांची दुकाने भिंतीला भिंत लावून उभी आहेत, तेथे जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या स्त्रियांच्या तोंडीही तोच असतो. त्याचे प्रामाणिक उत्तर ‘एकही नाही’ असेच द्यावे लागते. मात्र एकीने ज्या कारणासाठी साधन टाकले, नेमक्या त्याच कारणासाठी दुसरीने ते पत्करावे, असेही घडते.

१९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि त्याच साली नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ उभा केला. कर्व्यांच्या काळची रबरी साधने कटकटीची खरी, परंतु ती रक्तात उतरत नव्हती. १९६० साली अमेरिकेत गोळीला परवानगी मिळाली, तेव्हा धडधाकट स्त्रीने रोज औषध घ्यावे हा नवाच मामला सुरू झाला. तत्पूर्वी प्वेर्तो रिकोतील चाचणीत डॉ. एड्रिस राइस-रे यांनी शेकडा १७ स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असा उपद्रव होतो, अशी स्पष्ट कैफियत लिहून दिली होती. संशोधनाचे धुरीण ग्रेगरी पिंकस यांनी ती बव्हंशी मनाचा खेळ ठरवून निकालात काढली. (बायकांच्या तक्रारींची अशी वासलात लावण्यास समुद्रापार जावे लागते असे नाही.) त्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होते, आपल्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनमध्ये ते ३० आहे.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ औषधाच्या आणि ७ लोहाच्या. आरंभीची मळमळ रात्री जेवणानंतर गोळी घेतल्याने पुष्कळदा आटोक्यात येते आणि दोन-तीन महिन्यांत ओसरते, म्हणून पहिल्याच पाकिटावर फैसला करू नये. परंतु अर्धशिशी उठण्यापूर्वी ज्या स्त्रीच्या डोळ्यांपुढे प्रकाशाच्या नागमोडी रेषा नाचतात, जिच्या शिरेत पूर्वी रक्ताची गाठ झाली आहे, किंवा जिचा रक्तदाब चढा राहतो, तिने ही गोळी घेऊच नये. अंगावर पाजणाऱ्या मातेने निदान सहा महिने थांबावे. आणि क्षयावरील रिफॅम्पिसिन चालू असता गोळीचा भरवसा धरू नये. गाठीचे भय मात्र मापात ठेवावे: गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाकाठी १ ते ५ जणींना, घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना, आणि गर्भवतींत ५ ते २० जणींना ती होते.

तांबीची गोष्ट वेगळी. ती रक्तात काही मिसळत नाही, ३८० ए जातीची तांबी दहा वर्षे चालते. पण पहिले काही महिने पाळी जास्त जाते, पोटात कळा येतात, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला हे जाणे परवडत नाही. उलट ‘अंतरा’ हे तिमाही इंजेक्शन प्रथम अवेळी डाग पाडते आणि पुढे बहुधा पाळीच बंद करते. रक्त आत साचून विष होते, ही समजूत निराधार आहे. गर्भाशयाचे अस्तरच पातळ राहते, त्यामुळे साचण्याजोगे काही उरत नाही. आमच्या विदर्भात सिकलसेल घरोघर ठाऊक आहे. त्या व्याधीच्या स्त्रियांना हेच इंजेक्शन दिले असता वेदनेचे झटके कमी झाल्याचे जमैकातील एका लहानशा प्रयोगात १९८२ साली दिसून आले, आणि रक्त कमी जाते हा लाभ निराळाच. तरीही दोन गोष्टींची खातरजमा आधीच करावी: इंजेक्शन एकदा टोचल्यावर परत काढता येत नाही, आणि ते सोडल्यावर दिवस राहण्यास सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात मूल हवे असणाऱ्या जोडप्याला ते देणे म्हणजे न विचारता औषध देणे होय.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत सिद्ध झालेली ‘छाया’ ही बिगर-संप्रेरक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदाच घ्यावयाची असते. तिने मळमळ सहसा होत नाही. पाळी मात्र लांबते, आणि लांबलेल्या पाळीने जिची झोप उडते तिला ही सोय नव्हे.

हे सारे स्त्रीनेच का सोसावे, असे कोणी विचारील. पुरुषांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने ३२० जणांवर झालेली इंजेक्शनाची चाचणी २०११ साली थांबविण्यात आली. उदासी, मुरुमे आणि वासनेतील चढउतार ही कारणे झाली. गोळी घेणाऱ्या बायका या तक्रारी साठ वर्षे सांगत आहेत. पुरुष-नसबंदीला यांपैकी कोणताही उपद्रव नाही, तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचा आधार शेकडा ३७.९ आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेचा अवघा ०.३ विवाहितांना होता. ती शस्त्रक्रिया, तिच्यानंतर वीर्याची तपासणी होईपर्यंत पाळावयाची तीन महिन्यांची मुदत, आणि तिच्याभोवतीचे प्रवाद, यांचा विचार पुढील लेखांकी.