खिशात कार्डे किती असावीत?

भिवंडीला उधारी नवी नाही. सूत उधारीवर येते, कापड उधारीवर जाते आणि पैसे हाती येईपर्यंत अनेक घरे किराणा दुकानदाराच्या वहीवर चालतात. अडल्यानडल्या वेळी बीसी असते, मामू-खालू असतात. अमका शब्दाचा पक्का आहे, हे गैबीनगरपासून धामणकर नाक्यापर्यंत साऱ्यांना ठाऊक असते. फक्त बँकेला ते ठाऊक नसते. बीसीचे हप्ते वीस वर्षे वेळेवर भरले, तरी त्याची नोंद बँकेच्या कुठल्याही कागदावर नसते.

बँक पाहते तो क्रेडिट रिपोर्ट. भारतात तो तयार करणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिलची स्थापना 2000 साली झाली, म्हणून आपल्याकडे या गुणांनाच ‘सिबिल’ म्हणतात. हे गुण 300 ते 900 च्या दरम्यान असतात. साधारण 750 च्या वर असले की कर्ज मिळणे सोपे जाते.

आपल्या वस्त्यांसाठी याला आणखी एक बाजू आहे. नोव्हेंबर 2006 मधील सच्चर समितीच्या अहवालात नमूद आहे की, काही बँकांनी मुस्लिमबहुल भाग नकारात्मक क्षेत्र ठरवून तिथे कर्जपुरवठा आखडता घेतला होता. पत्ता पाहून माणसाची पत ठरत होती. क्रेडिट रिपोर्टमधील गुण मात्र गल्लीवरून पडत नाहीत, त्या माणसाच्या स्वतःच्या परतफेडीवरून पडतात. शांतीनगरच्या तरुणाने बँकेसमोर ठेवावा असा हा एक पुरावा आहे. तो कसा उभा करायचा, या प्रश्नातूनच पुढचा प्रश्न येतो: त्यासाठी क्रेडिट कार्डे किती घ्यावीत?

फोनवरून कार्ड विकणारा सांगतो की जितकी कार्डे जास्त, तितका सिबिल चांगला. हे खरे नाही. गुणांमध्ये सर्वांत मोठा वाटा वेळेवर परतफेडीचा असतो. रिपोर्टमध्ये मागील 36 महिन्यांत कोणत्या महिन्यात किती दिवस उशीर झाला हे दिसते. त्यानंतर मर्यादेपैकी किती रक्कम वापरली, खाते किती जुने आहे आणि अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, हे पाहिले जाते. एका महिन्यात चार कार्डांसाठी अर्ज केले, तर चार चौकशा नोंदल्या जातात आणि बँकेला वाटते, हा माणूस पैशांसाठी धावाधाव करतो आहे.

आता आकड्यांकडे वळू. शून्य, एक की दोन?

शून्य हेही एक उत्तर आहे, आणि त्यात कमीपणा नाही. घर, टेम्पो किंवा माग यासाठी बँकेचे व्याजी कर्ज घ्यायचेच नाही असे ज्या घराने ठरवले आहे, त्याला गुण वाढवण्यासाठी कार्ड घेण्याचे कारण नाही. रोजच्या व्यवहाराला डेबिट कार्ड आणि यूपीआय पुरेसे आहे. शिवाय, कर्जाचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे.

ज्यांना पत उभी करायची आहे, त्यांना एक कार्ड पुरते. पगाराची स्लिप नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा मार्ग आहे. 20,000 रुपयांची ठेव ठेवली तर तिच्या बहुतांश रकमेइतकी मर्यादा मिळते. या कार्डावर दरमहा वीजबिल किंवा मोबाइलचे रिचार्ज करावे आणि तारखेआधी पूर्ण बिल भरावे. मर्यादेच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत राहावे, असा जाणकारांचा सल्ला असतो. वर्ष-दीड वर्ष हे नेमाने झाले की रिपोर्टला आकार येतो.

दुसरे कार्ड कधी? पहिले किमान वर्षभर एकदाही न चुकता चालले असेल आणि खर्च मर्यादेला वारंवार भिडत असेल तेव्हा. समजा मर्यादा 40,000 आहे आणि खर्च 20,000, म्हणजे वापर निम्मा झाला. तेवढ्याच मर्यादेचे दुसरे कार्ड असेल तर तोच खर्च पंचवीस टक्क्यांवर येतो. पण खर्च 20,000 च राहिला तर! दुसऱ्या कार्डामुळे तो 40,000 झाला, तर फायदा काहीच नाही. अनेकदा पहिल्याच कार्डाची मर्यादा वाढवून मिळते. आधी ते विचारावे. तिसऱ्या कार्डाची गरज सामान्य घराला क्वचितच पडते. प्रत्येक कार्डाची बिलाची तारीख वेगळी असते, आणि एक तारीख चुकली की सगळ्यांची मेहनत वाया जाते.

चुकल्यास काय होते ते पाहा. 20,000 रुपयांच्या बिलावर ‘किमान देय’ 1,000 रुपये लिहिलेले असते. तेवढेच भरले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरले, तर 700 रुपये व्याज आणि त्यावर 126 रुपये जीएसटी. मूळ रकमेतून कमी झाले फक्त 174 रुपये. वर्षाचा दर 42 टक्के होतो. बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. कार्डाने रोख काढली तर सवलतीचे दिवस मिळतच नाहीत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज अनुचित ठरवले होते. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. त्यामुळे त्या मर्यादेचा आधार आता ग्राहकाला नाही.

2020 च्या टाळेबंदीत माग थांबले. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते लांबवण्याची मुभा दिली, पण थकलेल्या कार्डांवरचे व्याज चालूच होते. ज्या शहरात काम कधी थांबेल सांगता येत नाही, तिथे कार्डाची मर्यादा ही कमाई समजू नये. सुताचे बिल कार्डाने भरून कापडाचे पैसे येण्याची वाट पाहणे म्हणजे विस्तवाशी खेळ.

व्याजाचा प्रश्न आपल्यासाठी केवळ हिशेबाचा नाही. पूर्ण बिल वेळेवर भरले तर व्याज द्यावे लागत नाही, परंतु उशीर झाल्यास व्याज देण्याच्या करारावर सही करावीच लागते. त्या सहीबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत: काहींच्या मते असे कार्ड घेणेच नाजायज, तर काही जण पूर्ण परतफेडीच्या अटीवर परवानगी देतात. आपापल्या भरवशाच्या मुफ्तींना विचारूनच ठरवावे. ठेवीवर मिळणाऱ्या व्याजाचे काय करायचे, तेही तेव्हाच विचारावे. ‘बिनव्याजी हप्ता’ या जाहिरातीवरही भुलू नये. शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते किमतीत लपलेले असते, हे रिझर्व्ह बँकेनेच 2013 मध्ये सांगितले आहे. कर्जाची लेखी नोंद ठेवण्याचा हुकूम मात्र सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, यावरूनच या बाबीचे वजन कळते.

आपले कार्ड भावाला, मेहुण्याला मोबाइल घेण्यासाठी देण्याची पद्धत घराघरांत आहे. हप्ता त्याचा चुकतो, नोंद आपल्या नावावर होते. द्यायचेच तर पैसे हातात आल्यावर द्यावे. घरातील स्त्रियांच्या नावावर शिलाई किंवा टिफिनचा धंदा असेल, तर त्यांची पत त्यांच्याच नावाने उभी राहावी. पतीच्या कार्डावरचे जोडकार्ड सहसा पतीच्याच खात्यात मोजले जाते.

काही हक्क लक्षात ठेवावेत. न मागता कार्ड देण्यास बँकेला मनाई आहे. संमतीशिवाय दिलेल्या कार्डाचे बिल आले तर ते रद्द करून दुप्पट रक्कम दंड म्हणून द्यावी लागते. थकबाकी नसेल तर कार्ड सात कामाच्या दिवसांत बंद झाले पाहिजे, नाहीतर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला मिळतात. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करावी; 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

दोन कार्डे असतील आणि एक बंद करायचे असेल तर शक्यतो जुने ठेवावे, कारण त्याचा इतिहास लांब आहे. आणि ज्यांच्या खिशात आज चार-पाच कार्डे आहेत, त्यांनी या महिन्यात एकच काम करावे: सगळ्यांच्या बिलांच्या तारखा आणि थकबाकी एका कागदावर लिहून घरच्यांसमोर ठेवावी. किती कार्डे ठेवायची हे त्या कागदाकडे पाहूनच कळेल.