ओलावामापकातील ब्लूटूथ मोड्यूलची अनपेक्षित उत्तरे : कारणे व उपाय

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील काळ्या जमिनीत पृष्ठभाग सुकून भेगाळला तरी खालच्या थरात ओल शिल्लक असू शकते. म्हणून केवळ वरवर पाहून पाणी देणे हितावह नाही. हरभऱ्यास पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी व ६० ते ६५ दिवसांनी पाण्याच्या पाळ्या देतात. गरज नसता अधिक पाणी दिल्यास पीक उभळते. शिवाय एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे ध्यानी घेता या भागात एकही पाळी वाया घालविणे परवडणारे नाही.

ओल मोजण्यासाठी अर्डुइनो पट्टी, ओलावा संवेदक व एचसी-०५ हे ब्लूटूथ मोड्यूल जोडून अल्प खर्चात यंत्र तयार करता येते. सुमारे १० मीटर अंतरावरून अँड्रॉइड मोबाइलवर आकडा वाचता येतो. मात्र मोड्यूलला नाव, सांकेतिक अंक व संवादाचा वेग ठरवून देण्यासाठी आज्ञा द्याव्या लागतात. त्यांना आलेले उत्तर न तपासता आज्ञावली पुढे गेली, तर यंत्र चालू दिसते. पण त्याचा आकडा भरवशाचा राहत नाही.

आज्ञा स्वीकारण्याची अवस्था

मोड्यूलवरील लहान कळ दाबून धरून विद्युतपुरवठा द्यावा. दिवा सुमारे दोन सेकंदांच्या अंतराने संथ लुकलुकू लागला, म्हणजे मोड्यूल आज्ञा घेण्यास सिद्ध झाले असे समजावे. या अवस्थेत संवादाचा वेग ३८४०० असतो. नेहमीच्या कामात तो बहुधा ९६०० असतो. दिवा जलद लुकलुकत असेल, तर मोड्यूल आज्ञेची नव्हे, मोबाइलच्या जोडणीची वाट पाहत आहे.

उत्तरावरून दोष कसा ओळखावा

१. काहीच उत्तर न येणे : मोड्यूल आज्ञेच्या अवस्थेत नाही, पाठविण्याच्या व घेण्याच्या तारा उलट जोडल्या आहेत, किंवा आज्ञेच्या शेवटी ओळ संपल्याची दोन्ही चिन्हे दिलेली नाहीत. एचसी-०५ ला ही चिन्हे लागतात. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या एचसी-०६ ला ती लागत नाहीत. म्हणून प्रथम मोड्यूलचा प्रकार निश्चित करावा.

२. अर्थहीन अक्षरे येणे : दोन्ही बाजूंचा वेग जुळत नाही.

३. ‘एरर (०)’ येणे : मोड्यूलने आज्ञा ओळखली नाही. पहिल्या आज्ञेस असे उत्तर कित्येकदा येते, कारण आधीची भटकी अक्षरे तिला चिकटलेली असतात. साधी ‘एटी’ ही आज्ञा पुन्हा द्यावी. ‘ओके’ आल्यास पुढे जावे.

४. मागील उत्तर पुढे येणे : आवृत्ती विचारली असता एचसी-०५ प्रथम आवृत्तीची ओळ व नंतर ‘ओके’ची स्वतंत्र ओळ पाठविते. आज्ञावलीने पहिलीच ओळ वाचली, तर उरलेले ‘ओके’ पुढील आज्ञेचे यश समजले जाते. ही चूक सहजी ध्यानात येत नाही.

आज्ञावलीत पाळावयाचा नियम

प्रत्येक आज्ञेपूर्वी शिल्लक अक्षरे वाचून टाकावीत. ओळ पूर्ण होईपर्यंत, पण ठराविक मुदतीपर्यंतच थांबावे. अपेक्षित उत्तर शब्दशः जुळले तरच यश मानावे. अन्य कोणतेही उत्तर अपयश समजून जसेच्या तसे नोंदवावे. तीन वेळा विचारूनही योग्य उत्तर न मिळाल्यास यंत्राने थांबून दोष दाखवावा. मोटार जोडलेली असल्यास ती बंदच राहावी.

हाच नियम ओलाव्याच्या आकड्यासही लागू आहे. ओळ पूर्ण होण्याआधीच वाचल्यास ‘४२’ ऐवजी केवळ ‘४’ दिसेल, आणि ओल्या रानास पाणी दिले जाईल. अपूर्ण ओळ टाकून द्यावी.

जोडणी व पडताळणी

अर्डुइनोची पाठविण्याची तार ५ व्होल्टची, तर मोड्यूलची घेण्याची बाजू ३.३ व्होल्टची असते. मध्ये १ व २ किलोओहमचे रोधक घालून दाब उतरवावा. जोडणी समजत नसल्यास जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील किंवा तंत्रनिकेतनातील जाणकारांचे साहाय्य घ्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्र शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी एकदा मुद्दाम चुकीची आज्ञा देऊन पाहावी. यंत्र दोष दाखवीत नसेल, तर ते वापरास देऊ नये. शेतकरी बंधु-भगिनींनीही आकड्याविषयी शंका येताच मुळांच्या थरातील माती काढून मुठीत दाबून पाहावी, आणि मगच पाणी देण्याचा निर्णय घ्यावा.