बीदरचा मदरसा

बीदरच्या चौबाऱ्यावरून किल्ल्याकडे निघालं की वाटेत एक उंच मनोरा लागतो. त्याच्या अंगावर रंगीत चकाकत्या फरशांची नागमोडी नक्षी अजून टिकून आहे. हा महमूद गवानचा मदरसा. बीदर बहमनी राज्याची राजधानी असताना, १४७२च्या सुमारास तो बांधून पुरा झाला.

व्यापारी ते वजीर

गवान मूळचा इराणातला, कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातला. १४५३मध्ये तो व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरला आणि तिथून बीदरला आला. तिसऱ्या मुहम्मदशहाच्या काळात तो राज्याचा कर्ताधर्ता झाला. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, संगमेश्वर आणि गोवा त्याच्याच मोहिमेत बहमनींच्या हाती आले. मदरशाचं बांधकामही याच धामधुमीच्या वर्षांतलं.

विद्यालय कसं चाले

त्या काळचा मदरसा हे उच्च शिक्षणाचं, विद्यार्थ्यांनी राहून शिकण्याचं ठिकाण होतं. बगदादचा निजामिया १०६७मध्ये सुरू झाला, तोही निजाम-उल-मुल्क या सेल्जुक वजिरानेच काढलेला. दाता जमीनजुमला वक्फ करून देई आणि त्याच्या उत्पन्नातून शिक्षकांचे पगार व विद्यार्थ्यांचा खर्च भागे. कुराणाचं भाष्य, हदीस आणि धर्मशास्त्र हा पाया. त्याच्या जोडीला अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, गणित.

पदवी मात्र संस्था देत नसे. अमुक ग्रंथ माझ्याकडे शिकला, आता तो इतरांना शिकवू शकतो, असा 'इजाजा' गुरू देई. त्यामुळे मदरशाची पत गुरूच्या नावावर ठरे. गवानला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने हेरातच्या जामी या थोर कवीला पत्रं लिहून बोलावलं. जामी आला नाही, पण दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. दख्खनच्या पठारावरून इतक्या दूरवर विद्वानांसाठी हात पसरणारा हा वजीर मला त्याच्या विजयांपेक्षा मोठा वाटतो.

दख्खनमधलं खुरासान

इमारत तीन मजली. मधे चौक आणि चारही अंगांना उंच कमानींची दालनं, ही खुरासान-समरकंदकडची रचना. पूर्वेकडच्या दर्शनी बाजूला दोन मनोरे होते. भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या फरशा आणि त्यांत वळणदार अरबी अक्षरांत कुराणातली आयत: स्वर्गाच्या दारी येणाऱ्यांचं स्वागत करणारी. विद्यार्थ्याला आत शिरताना ती डोक्यावर दिसावी, ही कल्पनाच किती सुंदर! फरिश्ता या इतिहासकाराने इथल्या तीन हजार ग्रंथांचा उल्लेख केला आहे. बांधून सव्वाशेहून अधिक वर्षं झाली तरी इमारत नुकतीच पुरी झाल्यासारखी दिसते, असंही तो लिहितो.

खोटं पत्र, मग दारू

दरबारात दख्खनी आणि परदेशी सरदारांची जुनी चुरस होती. गवानने प्रांतांची फेररचना करून सुभेदारांचे अधिकार छाटले, तेव्हा दुखावलेल्यांनी त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र रचलं: ओडिशाच्या राजाला चढाईचं निमंत्रण देणारं. सुलतानाने शहानिशा न करता ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद करवला. पुढे काही दशकांतच बहमनी राज्याची पाच शकलं झाली.

औरंगजेबाने १६५७मध्ये बीदर घेतल्यावर मदरशात फौज राहू लागली आणि दारूगोळाही तिथेच साठवला गेला. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा स्फोट झाला. दर्शनी भागाचा मोठा तुकडा आणि एक मनोरा त्यात गेला.

ग्रंथालय राहिलं नाही. गवानच्या पत्रांचा 'रियाज-उल-इन्शा' हा संग्रह मात्र हाती आला आहे. कोकणातल्या मोहिमेविषयीची पत्रंही त्यात असल्यामुळे पंधराव्या शतकातल्या कोकणाचा इतिहास लिहिणाऱ्याला आजही त्याच्याकडे जावं लागतं.